मिसळणाच्या डब्यातले सहा देश

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडलं, मला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "डोळे मीट आणि हात पुढे कर." परक्या शहरात, परक्या दारात, हाफपँट घातलेल्या सत्तरीच्या माणसाने असं सांगितल्यावर कुठलीही शहाणी मुलगी आल्या पावली जिना उतरली असती. पण आतून काकूंचा आवाज आला, "अगं, मीट मीट. घाबरू नकोस, बोल्टच देणार आहेत." मी डोळे मिटले. तळहातावर काहीतरी थंडगार आणि जड पडलं.

"कुठला?"

"लोखंडाचा," मी म्हणाले.

"देश विचारतोय. देश!"

मी बोल्टवरचा नट दोन वेळा फिरवला, वजनाचा अंदाज घेतला आणि ठोकून दिलं, "रशिया?"

"बरोबर. जड लागला म्हणून म्हणालीस ना? कारण चूक आहे. पण राहा."

अशी मला सरिता विहारमधली गच्चीवरची खोली मिळाली. माझ्या आधी येऊन गेलेल्या दोघा मुलांनी 'इंडिया' असं उत्तर दिलं होतं आणि ते नापास झाले होते, हे काकूंनी मला चहा देताना सांगितलं. खरं कारणही काकांनी त्याच चहावर समजावलं. रशियन नट आट्यांवर किंचित सैल बसतो. कारखानदाराला घट्ट जमत नाही म्हणून नव्हे, तर आट्यांत चिखल आणि बर्फ गेला तरी थंडीने बधिर झालेल्या शिपायाला तो फिरवता आला पाहिजे म्हणून. "सैलपणासुद्धा विचार करून ठेवावा लागतो," काका म्हणाले आणि बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

लष्कराला लागणारा माल तपासून पास-नापास करणं, हे काकांचं सरकारी नोकरीतलं काम. सगळी हयात आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर ते या फ्लॅटमध्ये आले. नोकरी सुटली, पण तपासणी सुटली नाही. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला त्यांनी भोकं पाडलेला जाड पोलादी ठोकळा पक्का बसवून घेतला होता. त्यात सदैव दोन-चार बोल्ट करकचून आवळलेले असायचे. याला ते 'मुक्कामाला ठेवणं' म्हणत. आवळताना जो टिकतो त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. आवळून दोन दिवस तसाच ठेवल्यावर जो टिकतो तो खरा. जेवणाचं पान मांडताना काकू त्या ठोकळ्यावर फडकं टाकत आणि म्हणत, "पाहुण्यांना जेवायचं नाहीये ना?"

काकूंच्या रुखवतातला मिसळणाचा डबा हा घरातला दुसरा वादाचा विषय. पितळेचा, गोल, आत सात वाट्या. भोवतालच्या सहा वाट्यांत मोहरी, जिरं, हळद यांच्या जागी जर्मनी, रशिया, जपान, इंग्लंड, अमेरिका आणि चीन. प्रत्येक वाटीत दोन-तीन बोल्ट, कुठल्या कुठल्या भंगारातून, मोडलेल्या यंत्रांतून जमवलेले. प्रत्येक वाटीला चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आणि तिच्यावर दहापैकी गुण. काकांच्या मते कुठल्या देशाला काय बनवता येतं हे त्याच्या तोफांवरून कळत नाही. तोफ सगळेच जीव लावून बनवतात. जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही तिथे तो देश काय करतो, यावर गुण.

त्यांचे शेरे ऐकण्यासारखे असत. जर्मन बोल्ट हुशार, पण एक हरवला तर शेजारच्या दुकानातला चालवून घेणार नाही. अमेरिकन बोल्टापेक्षा त्याच्यासोबत येणारं पुस्तक जाड. इंग्रजांचा बोल्ट उत्तम, फक्त जग मिलिमीटरवर गेलंय हे त्याला अजून कोणी कळवलेलं नाही. जपानी बोल्टांपुढे मात्र काका जरा हळू बोलत. "हजार घे. पहिला कुठला आणि हजारावा कुठला, सांगून दाखव." जपानला साडेआठ होते. त्याच्या वर कोणी गेलेलं नव्हतं.

चीनच्या चिठ्ठीवर खाडाखोड होती. आधी चार, ते खोडून साडेपाच, तेही खोडून सात. दिवाळीच्या सुमारास कॉलनीच्या सभेत कोणीतरी तिकडच्या मालाची टर उडवायला लागला, तेव्हा काका उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "हँसिए मत. मैं भी हँसा था. फिर दो बार नंबर काटने पड़े." सुभेदार संतापले.

सुभेदार म्हणजे काकांचे एकुलते एक मित्र. साताऱ्याकडचे, लष्करात उभा जन्म ट्रक चालवलेले, मुलाच्या नोकरीमुळे आता पलीकडच्या गल्लीत राहायला आलेले. रविवारी सकाळी काकूंचे पोहे खायला येणं हा त्यांचा नेम. त्या सभेनंतर एक रविवार ते आले नाहीत. पुढच्या रविवारी आले, खुर्चीत बसले आणि काकांकडे न बघता म्हणाले, "साहेब, त्या सरहद्दीवर आम्ही गाडी चालवलीय. तुम्ही त्यांना सात देताय."

"म्हणूनच देतोय," काका म्हणाले. "समोरच्याला कमी मार्क देऊन आपली गाडी वर चढत नाही, सुभेदार."

सुभेदारांनी थोडा विचार केला आणि लिंबू मागून घेतलं.

सव्वीस जानेवारीची परेड हे दोघे एकत्र बघत. सुभेदार डोक्यावर टोपी चढवून ताठ उभे आणि काका टीव्हीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसलेले. पडद्यावर तोफेची नळी आली की काका ओरडत, "चाक दाखव यार, चाक!" सुभेदार म्हणत, "आवं साहेब, तोफ बघा की. चाकाचं काय घेऊन बसलाय?" त्यावर काका एकदाच मान वळवून म्हणाले होते, "ती तोफ तिथवर कशावर बसून गेली, हे तुम्ही मला विचारताय?" सुभेदार ओशाळले. "ते मात्र खरं हाय," म्हणाले आणि त्यांनीही खाली बसून चाकं बघायला सुरुवात केली. मी त्या दोघांमागे शिऱ्याची बशी घेऊन बसलेली असायची आणि घरची आठवण येत नाही याचं मला नवल वाटायचं.

डब्यातली सातवी, मधली वाटी रिकामी होती. तिच्या चिठ्ठीवर 'भारत' लिहिलेलं आणि खाली 'निकाल राखून ठेवला आहे'.

"का?" मी विचारलं होतं.

"इतकी वर्षं मीच सह्या करत होतो. आपला पेपर आपण तपासायचा नसतो."

"मग कोणाचा तपासणार?"

"बघू. पुढच्या पिढीचा."

हे ऐकताना माझे कान टवकारले. कारण मी पुढच्या पिढीची होते आणि माझा धंदाच तो होता. फरिदाबादच्या एका छोट्या कारखान्यात मी मालाच्या तपासणीचं काम बघत होते आणि आम्ही बोल्टच बनवायचो. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. फक्त एक प्रश्न विचारला, "सही कोणाची असते?" मी अभिमानाने म्हणाले, "माझी." "अच्छा," ते म्हणाले. त्यानंतर मी रोज कारखान्यातलं काही ना काही सांगायची आणि ते ऐकून घ्यायचे, पण बरं केलंस असं एकदाही म्हणाले नाहीत. काकूंनी एकदा त्यावरून त्यांना छेडलं, तर म्हणाले, "मार्क कळले की विद्यार्थी पुस्तक मिटतो."

मग आमच्या कारखान्याला लष्कराच्या ट्रकच्या चाकांचे बोल्ट बनवायचं काम मिळालं. पहिलाच लॉट. तो पास झाला तर कारखाना चालणार, नाही तर आमचे मालक पुन्हा पंख्यांचे स्क्रू बनवायला लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. ती मधली वाटी. माझ्या सहीचा बोल्ट तिच्यात पडलेला मला बघायचा होता. इतकी साधी आणि इतकी मोठी हाव होती ती.

चाकाचा बोल्ट गंजू नये म्हणून त्याच्यावर जस्ताचा मुलामा देतात. मुलाम्यासाठी त्याला आम्लात बुडवावं लागतं आणि तेव्हा पोलादाच्या अंगात हायड्रोजन शिरतो. तो बाहेर काढायला बोल्ट लगेच भट्टीत घालून कित्येक तास शेकावे लागतात. शेकले नाहीत तर पंचाईत अशी, की बोल्ट दिसायला नवाकोरा, ताणून बघितला तरी पास. आवळून ठेवला की दोन दिवसांनी आपला आपण मोडतो. हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत दोन मार्कांना यायचं.

मुलाम्याचं काम आम्ही बाहेर देत असू. शुक्रवारी दुपारी तिथल्या माणसाचा फोन आला. "मैडम, लाइट नहीं है. ओवन ठंडा पड़ा है. माल रोकूँ या भेज दूँ?" शनिवारी ट्रक निघायचा होता. भट्टीच्या वहीवर माझी सही तर सकाळीच होऊन गेली होती. आमच्याकडे तशीच पद्धत होती, दिवसाच्या सगळ्या सह्या सकाळीच एका दमात करून टाकायच्या, वेळ आणि तास मागून कोणीतरी भरायचं. कागदावर बोल्ट शेकून झालेलेच होते. मी म्हणाले, "भेज दो."

संध्याकाळी ताणून बघण्याच्या चाचणीत सगळे बोल्ट पास झाले. आणि माझी अक्कल बघा, त्याच लॉटमधला एक बोल्ट मी पर्समध्ये टाकून काकांकडे घेऊन आले. भट्टीची गोष्ट मी मनात इतकी मागे ढकलली होती, की मेट्रोत बसून मी त्या बोल्टाकडे कौतुकाने बघत होते.

काकांनी तो डोळे मिटून हातात घेतला. आट्यांवरून अंगठा फिरवला. "आटे सुरेख आहेत," म्हणाले. दीड वर्षातलं ते पहिलं कौतुक. मग लांब पाना आणून त्यांनी तो ठोकळ्यात आवळला. "राहू दे मुक्कामाला."

शनिवारी ट्रक गेला. मी दिवसभर उगाच खूश होते.

रविवारी सकाळी सुभेदार आले, काकूंनी पोहे वाढले, वर खोबरं पेरलं. सुभेदार गावाकडच्या कुठल्याशा लग्नाचं सांगत होते. तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि काहीतरी उडून शेवेच्या डब्यावर आपटलं. काकूंना वाटलं, डोक्यावरचा पंखा बिघडला. मी मात्र वर बघितलं नाही. टेबलावर माझ्या बशीपासून वीतभर अंतरावर माझ्या बोल्टाचं डोकं पडलं होतं. उरलेलं धड ठोकळ्यात तसंच.

काकांनी ते डोकं उचललं, मोडलेली बाजू उजेडात धरून बघितली आणि टेबलावर ठेवलं. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

"भट्टी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "लाइट गेली होती."

"सही कोणाची आहे?"

"माझी."

सुभेदारांचा घास हातातच राहिला होता. त्यांनी ते डोकं बोटाने जरा फिरवलं. "पोरी, ह्या गाड्या वर घाटात जायच्या ना?" ते इतकंच म्हणाले. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ज्या माणसाने बर्फातल्या वळणांवर ट्रक चालवले होते, तो मला एक साधी माहिती विचारत होता.

मी उठले. मालकांना सांगायचं म्हणजे काय होईल, हे मला दिसत होतं. नोकरी जाणार, कारखान्याचं काम जाणार आणि इतक्या माणसांच्या शिव्या मिळणार. न सांगितलं तर कोणालाही कळणार नव्हतं. कागद पक्के होते. मी काकांकडे बघितलं, काहीतरी सांगतील म्हणून. काकांनी धडही ठोकळ्यातून सोडवलं, पुसलं आणि म्हणाले, "पोहे संपव. मग जा."

मी संपवले. बशी धुऊन ठेवली आणि निघाले.

मालक घरीच होते. मोडलेला बोल्ट काकांकडेच राहिला होता, त्यामुळे रिकाम्या हाताने मी सगळं सांगितलं. भट्टी, फोन, सकाळची सही. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "एक ही टूटा है ना? एक बोल्ट?"

"जी, कसकर एक ही रखा था."

ते वाक्य त्यांच्या आत कुठेतरी जाऊन बसलं असावं. ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले. "चिट्ठी तू लिखेगी. अपने नाम से." आणि माझ्यासमोरच त्यांनी ट्रकवाल्याला फोन लावला.

सोमवारी मी लष्कराला पत्र लिहिलं. माल कोणत्याही गाडीला लागायच्या आत परत आला. आमची जी शोभा व्हायची ती झाली. तिकडून खरमरीत उत्तर आलं, पण खाली एक ओळ होती, की नवा लॉट पाठवावा. माझी सही तीन महिने बंद आणि बसायची जागा मुलामेवाल्याच्या भट्टीशेजारी. उन्हाळ्यात फरिदाबादेत भट्टीशेजारी बसणं काय असतं ते मी इथे लिहीत नाही. सकाळच्या सह्यांची पद्धत मात्र बंद झाली ती झालीच. आता बोल्ट बाहेर येतो, मगच पेन बाहेर येतं.

नव्या लॉटमधला बोल्ट मी पुन्हा काकांकडे आणला. त्यांनी तो दोन आठवडे मुक्कामाला ठेवला. रोज येता-जाता मी त्याच्याकडे बघायची. त्याला काही झालं नाही. पंधराव्या दिवशी काकांनी तो सोडवून माझ्या हातावर ठेवला. "घे. कामाला लाव."

"वाटीत नाही ठेवायचा?"

"चांगला बोल्ट वाटीत कशाला? चाकात जाऊ दे."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. मी वर जाऊन बराच वेळ गच्चीतल्या रिकाम्या दोरीला चिमटे लावत बसले. त्याच सुमारास कधीतरी त्या मधल्या वाटीचं तोंड काळ्या चिकटपट्टीने बंद केलेलं दिसलं. विचारलं, तर काका म्हणाले, "धूळ बसते." मी म्हटलं, चला, आपला देश अजून रिकामाच.

पुढे माझं लग्न झालं, मी फरिदाबादेत राहायला गेले, तरी रविवारचे पोहे चुकवले नाहीत. गेल्या हिवाळ्यात काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले. सामान बांधायच्या दिवशी सुभेदार दोऱ्या आवळत होते आणि काका प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधत होते. निघताना काकूंनी डबा माझ्या हातात दिला. "रुखवतातला आहे हो माझ्या. सांभाळ. त्या घरी मी आता पहिल्यांदा मोहरी मोहरीच्या वाटीत ठेवणार आहे." काका टॅक्सीत आधीच जाऊन बसले होते. त्यांना निरोप घेता येत नसे.

घरी येऊन मी डबा ओट्यावर ठेवला आणि मधल्या वाटीची पट्टी सोडवली. आत बोल्टाचे दोन तुकडे होते. डोकं आणि धड. पोह्यांच्या दिवशीचे. खाली घडी घातलेली नवी चिठ्ठी, काकांच्या सरळ, सरकारी अक्षरात. 'भारत. बोल्ट मोडला. सही करणारी स्वतः सांगायला गेली.' आणि खाली आकडा, आठ.

खाली तारीख होती. मी मालकांकडे गेले त्याच रविवारची.

मी लगेच पुण्याला फोन लावला. काकांनी उचलला आणि विचारलं, "डबा सांडला नाहीस ना?"

"काका, आठ?"

"मग? जपानच्या खालीच आहे. तक्रार आहे?"

"पण बोल्ट मोडला होता, काका. मोडलेल्याला आठ?"

पलीकडे काकूंच्या फोडणीचा आवाज येत होता. काका जरा खाकरले.

"देशाला सहाच दिले होते गं," म्हणाले. "वरचे दोन तुझे."